आधी रबर बघा, मग शॉकअप

प्रश्न : मेस्त्री, मी निवृत्त शिक्षक, राहणार जांबोटी, ता. खानापूर. मुलगा फौजेत आहे, सध्या कुटुंबासह लेहला. ऑक्टोबरात तो आमची नऊ वर्षांची छोटी गाडी तिकडे घेऊन गेला. डिसेंबरपासून सकाळी गाडी बाहेर काढली की पुढच्या बाजूने जुन्या वाड्याचं दार उघडल्यासारखा आवाज येतो आणि बारीकसा खड्डाही कमरेला लागतो. अर्ध्या तासाने पुष्कळ कमी होतं. डाव्या शॉकअपवर तेलाचा ओलावा आहे. तिथला एकजण म्हणाला, पुढचे दोन्ही शॉकअप गेले. जूनमध्ये पावसाच्या आधी इथे गाडीला खालून तेल मारून घेतलं होतं, बाकी कसली तक्रार नव्हती. शॉकअप बदलायचे का?

उत्तर : गुरुजी, इतक्यात नको. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती शेवटची, खालून तेल मारल्याची गोष्ट. तिच्याकडे येतोच.

मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, वाहन मेकॅनिक होतो. द्रास-कारगिलच्या बाजूला दोन हिवाळे काढले. उणे वीसच्या सकाळी पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) गाड्या जागेवरून हलल्या की सगळ्या रांगेतून एकदम कण्हण्याचा आवाज यायचा, आणि दहा वाजता, ऊन वर आल्यावर, त्याच गाड्या गप्प. बिघाड असा उन्हाने दुरुस्त होत नसतो. तुमची गाडी अर्ध्या तासाने शांत होते हेच मोठं लक्षण आहे. थंडीत दोन गोष्टी होतात. शॉकअपमधलं तेल दाट होतं, त्यामुळे पहिले काही किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी आदळते. चालून चालून तेल गरम झालं की ते सुटतं. आणि रबर कडक होतं. चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, म्हणजे लोअर आर्मचे बुश (सांध्यातल्या रबरी गुंड्या), गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारचे बुश, शॉकअपच्या डोक्यावरचं माउंट, ही सगळी रबरं. चांगलं रबर थंडीत कडक झालं तरी लोखंडाला धरून राहतं. म्हातारं झालेलं रबर लोखंडावर सरकतं. दार उघडल्यासारखा आवाज असतो तो हाच.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी दोन बुश प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले. एक नवा, आणि एक आमच्याकडे बदललेल्या गाडीतला, दरवर्षी खालून तेल मारून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा. घरचा फ्रीजर साधारण उणे अठराला असतो, म्हणजे लेहच्या जानेवारीतल्या कडक रात्रीएवढा. सकाळी उद्यमबागेत गॅरेजच्या टेबलावर पिशवी उघडली. नव्या बुशात अंगठ्याचं नख दाबलं, ते कष्टाने का होईना रुतलं आणि खूण हळूहळू भरून आली. जुन्यावर नख नुसतं घसरलं. त्याच्या चिरांमध्ये पांढरं दव धरलं होतं, आणि एक कड छत्रीसारखी बाहेर फुगलेली, ती तशीच ताठ. आमचा बैलहोंगलचा पोरगा तो बुश टेबलावर ठोकून म्हणाला, ‘रब्बर कल्लागेति री.’ दगड झालाय. खरंच दगडासारखाच वाजला.

आता ते तेल. आपल्याकडे जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा पाऊस म्हणजे गाडीचा पत्रा गंजणार, ही भीती खरी आहे. म्हणून मे-जूनमध्ये डिझेल आणि काळं तेल मिसळून गाडीच्या पोटाला फवारतात. पत्र्याला थोडा फायदा होतो, पण रबराचं वाटोळं होतं. डिझेल आणि इंजिनचं तेल रबरात शिरतं, रबर फुगतं, मऊ-चिकट होतं. पुढे डिझेल उडून जातं आणि रबरातला लवचीकपणाही बरोबर घेऊन जातं. मागे राहतं ते चिरलेलं, आकार गेलेलं रबर. बेळगावच्या हवेत ते वर्ष-दोन वर्षं निभावून नेतं. लेहमध्ये पहिल्याच डिसेंबरात उघडं पडतं. मी हे गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. गंजाचीच भीती असेल तर रबरी कोटिंग करून घ्या आणि करताना बुश झाकायला लावा. फवारणी मात्र नको, कृपा करून नको.

मुलाला तपासायला सांगा ते असं. सकाळी, गाडी चालवण्याआधी, सपाट जागेवर गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला दोन्हीकडून दगड लावायचे. (तिकडे रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नये, आत पाणी असलं तर ब्रेकचे लायनर गोठून चिकटतात.) एकाने पुढचा मडगार्ड दाबून गाडी वरखाली करायची. दुसऱ्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका बुशाच्या पट्टीला टेकवून मूठ कानाला लावायची. ज्या जागी आवाज ठणठणीत येतो, तो बुश. हातमोजे घालूनच, गोठलेल्या लोखंडाला उघडी कातडी चिकटते. इथे आम्ही संशयाच्या बुशावर पाणी मारतो, आवाज थांबला की गुन्हेगार सापडला. तिकडे ही युक्ती करू नका, तेच पाणी बुशात गोठेल. आणि आवाज बंद करायला कोणी तेल सोडू म्हणालं तर हात धरा. सोडायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही तात्पुरतं.

शॉकअपचा ओलावा हा गळती असेलच असं नाही. थंडीत सीलचं रबरही आखडतं, थोडं तेल पाझरतं. आम्ही त्याला घाम म्हणतो. कोरड्या फडक्याने नीट पुसून काढा आणि दोन-तीन दिवस गाडी वापरून पुन्हा बघा. सीलजवळ नुसती ओल असेल तर चालेल. ओघळ खाली स्प्रिंगच्या ताटलीपर्यंत आला असेल, त्यावर धूळ बसून चिखल झाला असेल, तर शॉकअप गेला. मग दोन्ही बाजूचे एकदम बदला. तोवर सकाळचे पहिले चार-पाच किलोमीटर खड्ड्यात जोरात गाडी घालू नये. दाट तेलावर धक्का बसला की सगळा दाब त्या आखडलेल्या सीलवर जातो.

टायरची हवाही बघायला सांगा. ऑक्टोबरातल्या दुपारी, वीस अंशाला, ३३ भरली असेल तर उणे पंधराच्या सकाळी तिथेच ती मोजली तर २८च्या आसपास दिसेल. म्हणजे हवा गळाली असं नव्हे, थंडीने आकसली. दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी, गाडी थंड असताना भरायची. सुट्टीला खाली उतरल्यावर पुन्हा मोजायची, नाहीतर उष्णतेने ती जास्त झालेली असते.

तुम्ही इथून पार्सलने पाठवा : लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझर बारचे दोन बुश, त्या बारला जोडणारे दोन्ही लिंक रॉड. कंपनीचेच घ्या. बसवणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगायची. लोअर आर्मचा बोल्ट जॅकवर गाडी लटकलेली असताना शेवटचा आवळायचा नाही. आधी चाकं जमिनीवर टेकू देत, गाडी आपल्या वजनावर बसू दे, मग आवळा. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत कायमचं अडकतं आणि थंडीत महिनाभरात फाटतं. गाडी शेडमध्ये दोन तास ठेवून, थोडी कोमट झाल्यावरच काम काढलेलं बरं. नंतर चाकांचं अलाइनमेंट. घाम पुसल्यावर काय दिसलं ते मला जरूर कळवा.

प्रश्न : मी निपाणीची, रोज संकेश्वरला शाळेत जाते. पहाटे गाडी काढली की स्पीडब्रेकरवर मागून ‘कुईं’ आवाज येतो, पावसाळ्यात अजिबात येत नव्हता. थंडीमुळे काही तुटलं असेल का?

उत्तर : नाही ताई. आपल्याकडच्या थंडीत लोखंड तुटत नाही. पावसाळ्यात बुश ओले असतात म्हणून गप्प, आता कोरडे पडून त्यात धूळ बसलीय. पाण्याची युक्ती तुम्ही खुशाल करा : तांब्याभर पाणी मागच्या बुशांवर ओता आणि गाडी हलवून बघा. आवाज थांबला तर खालून स्वच्छ पाण्याने धुवून, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. महिन्याभरात पुन्हा आला तर बुश बदला, खर्च फार नाही. आवाज ‘कुईं’ न राहता ‘खट्’ असा झाला, तर मात्र त्याच दिवशी गाडी दाखवा.