‘जन्मापासूनच असा आहे’ म्हणून थांबू नका

“जन्मापासनं असाच हाय की तो. आता या वयात मेंटल डॉक्टरला दाखवून काय शहाणा होणार हाय?”

खानापूर तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. बौद्धिक अक्षमता, म्हणजे समजणं-शिकणं वयाच्या मानाने बरंच मागे, असलेल्या मुलांचे आईवडील बेळगाव, निपाणी, चिकोडीकडून येतात ते बहुधा हीच शंका घेऊन. तिच्या मुलाची हकिकत ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मुलगा पंचविशीतला. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. पण रोज सकाळी आजोबांबरोबर किटली घेऊन डेअरीला जायचा, म्हशीला पाणी दाखवायचा. काही महिन्यांपासून सगळं बंद. रात्री जागा, भरल्या ताटावरून उठायचा, स्वतःच्याच गालावर थपडा मारून घ्यायचा. एका ठिकाणी त्याला ‘शांत राहायच्या’ गोळ्या मिळाल्या. लाळ गळू लागली, अंग ताठरलं, थपडा तशाच.

“मावशी, गेल्या वर्षी असं करायचा?” मी विचारलं.

“नाही हो बाई.”

बौद्धिक अक्षमता लहानपणापासूनची असते, ती चार महिन्यांत वाढत नाही. वागणं अचानक बदललं की काहीतरी नवं घडलेलं असतं. या व्यक्तींना मानसिक आजार इतरांपेक्षा जास्त प्रमाणात होतात, आणि ‘मला उदास वाटतंय’ असं अनेकांना सांगता येत नाही. उदासी झोपेतून, भुकेतून, चिडण्यातून, येत असलेली कामं सुटण्यातून दिसते. घरचे आणि कधीकधी डॉक्टरही ते सगळं अक्षमतेच्या खात्यात टाकून मोकळे होतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आधी शरीर तपासायचं: दात, कान, बद्धकोष्ठ, फिट्स, डाऊन सिंड्रोम (बौद्धिक अक्षमतेचं एक जन्मजात कारण) असेल तर थायरॉइड नक्की. या मुलाची दाढ किडली होती. ती काढल्यावर थपडा बऱ्याच कमी झाल्या. झोप आणि भूक मात्र परतली नाही.

तपासणीत प्रश्न कन्नडमध्ये, उत्तरं वडिलांची, मुलगा गप्प. आपल्या सीमाभागात हे नेहमीचं. म्हणून घरच्या मराठीत बोलणारं कुणीतरी रुग्णाशीच बोललं पाहिजे, असा माझा आग्रह असतो. घरातले फोटो पुढे ठेवले तेव्हा त्याने आजोबांवर बोट ठेवलं. “आजो गावाला.” आजोबा वारले होते. त्या दिवशी त्याला शेजारी पाठवलं होतं, ‘त्याला काय कळतंय’ म्हणून. नंतर सांगितलं, गावाला गेलेत. तो वाट बघत होता.

मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान केलं. जुन्या गोळ्या हळूहळू कमी केल्या, नवी अगदी थोड्या मात्रेत सुरू केली. घरच्यांना मी सांगितलं, आडवळण नको. ‘आजोबा मेले, परत येणार नाहीत’ एवढंच म्हणा. वडील त्याला अंत्यसंस्काराच्या जागी घेऊन गेले. तो दोन दिवस रडला. आई घाबरली, पण ते रडणं राहून गेलं होतं. आता काकाबरोबर डेअरीला जातो, रोज नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार धरलेला नाही. ‘मग मनोविकारतज्ज्ञाकडे कशाला?’ असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, आणि आजारावर उपचार मिळणं हा त्याचाही हक्क आहे. जाताना झोप, जेवण, मारून घेण्याच्या वेळा, घरात काय बदललं हे लिहून न्या. गोळी कशासाठी, किती दिवस, त्रास काय होऊ शकतो, हे विचारा. कुठे दाखवायचं कळत नसेल तर 14416 या टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ आहे.

मागच्या भेटीत आईने विचारलं, गोळ्या आता जन्मभर का? नैराश्याच्या गोळ्या बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवाव्या लागतात, मग डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात. मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, एवढं तिला दोनदा सांगितलं.