नवी डिझेल गाडी घेतलीस, टर्बोला जप

मित्रा, टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग. त्याचं आयुष्य इंजिन ऑइलवर असतं. त्याची चक्री मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेते आणि तिचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं ऑइल घाल आणि वेळेवर बदल. इथे काटकसर नको.

कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलास की लगेच गाडी बंद करू नकोस. मिनिटभर आयडलवर राहू दे. नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कार्बन धरतो. कॉलेज रोडवरून सावकाश घरी आलास तर याची गरज नाही. सकाळी स्टार्ट करताच रेस मात्र करू नकोस.

चढावर गाडी ओढत नाही, काळा धूर येतो, फुस्स आवाज होतो? आधी इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे, पाइप आणि क्लॅम्प तपासून घे. बऱ्याचदा हवा तिथेच गळते, आणि गॅरेजवाला थेट नवा टर्बो सांगून मोकळा होतो. ते ऐकून घाबरू नकोस.

निळा धूर, घटणारं ऑइल, सायरनसारखी शिट्टी ही लक्षणं एकत्र दिसली तर मात्र गाडी दामटू नकोस, टो करून ने. चक्री तुटली तर तुकडे इंजिनात जाऊ शकतात. आणि हो, धुळीच्या रस्त्यावर रोज जात असशील तर एअर फिल्टर लवकर बदल.