अकरावीला गणित सोडू का?

पत्र: मॅडम, मी साखळीची. यंदा दहावी झाले. माझ्या मावशीला जीबीएस, म्हणजे गियान-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार झाला होता. नसांवरचं मायलिन खराब झालंय, असं गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेज) डॉक्टरांनी सांगितलं. आता ती चालते. मला यातच काम करायचं आहे. नीटला गणित नसतं, तर ते सोडून फक्त बायॉलॉजी घेऊ का?

उत्तर: मावशी चालू लागल्या, हे वाचून फार बरं वाटलं.

नीटला गणित लागत नाही, हे खरं. तरी सोडू नकोस. तुझा विषय निम्मा भौतिकशास्त्राचा आहे.

हातापायांच्या नसांत श्वान (Schwann) पेशी तंतूभोवती आपल्या पटलाचे वेढ्यावर वेढे देते; हेच मायलिन. त्यात मेद भरपूर, म्हणून वीज बाहेर झिरपत नाही; थर जाड झाल्याने धारकताही (वीज साठवण्याची क्षमता) घटते. साधारण मिलिमीटरभर अंतराने मायलिनमध्ये फट असते, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात; तिथे तंतू उघडा असतो. सोडियमचे आयन आत सोडणाऱ्या वाहिन्या तिथेच दाटीने असतात आणि संदेश तिथे पुन्हा जोर धरतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला जेमतेम 2 मीटर जातो, मायलिनवाल्या जाड तंतूत 120 मीटरपर्यंत.

नसेतल्या संदेशाचा वेग मोजणाऱ्या नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये मनगटाशी आणि कोपराशी हलका शॉक देतात, अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद यंत्र नोंदवतं, मधलं अंतर चक्क टेपने मोजतात. अंतर 22 सेंमी आणि वेळेतला फरक 4 मिलिसेकंद, तर वेग सेकंदाला 55 मीटर; हे ठीक. फरक 10 झाला की वेग 22 वर येतो आणि संशय मायलिनवर जातो. हा भागाकार तुला आजच येतो. वेग एवढा का घटला, हे समजायला मात्र कॅलक्युलस, म्हणजे पुढचं गणित, लागतं.

मेंदूत आणि मज्जारज्जूत हे आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी घालतात. एकच पेशी अनेक तंतूंना. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात ते नष्ट होतं आणि पुन्हा नीट भरून येत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं काम इथे पडून आहे, आणि ते डॉक्टरांइतकंच संशोधकांचं आहे. न्यूरॉलॉजिस्ट व्हायचं तर एमबीबीएस, एमडी, डीएम, म्हणजे बारावीनंतर अकरा-बारा वर्षं. संशोधनाकडे वळायचं तर पुण्याचं आयसर, ही विज्ञान संशोधन संस्था, आहे. त्याच्या प्रवेश परीक्षेत गणितासह चारही विषय असतात. दोन्ही दारं उघडी ठेव.

चार विषयांचं ओझं होतं, घरी आधीच बोलून घे. आणि अर्ज भरण्याआधी हायर सेकंडरीच्या ऑफिसात विचार, जीवशास्त्र आणि गणित दोन्ही एकत्र घेता येतात ना.