पेलाभर रस, चमचाभर ड्रेसिंग

प्रश्न : माझं वय अठ्ठावन्न. शुगर काठावर आहे, गोळी अजून नाही. मिस्टरांना बीपी आहे. सून पुण्याची. ती सॅलडवर घालायला पांढऱ्या ड्रेसिंगची बाटली आणते. त्यात नुसतं तेल, असं मी म्हणते. ती म्हणते, ‘आई, तुमच्या रोजच्या ज्यूसपेक्षा बरं.’ बाटलीवरचे आकडे बघितले तर ज्यूसमध्ये पंचेचाळीस कॅलरी आणि तिच्या बाटलीत चारशेच्या वर! आता तुम्हीच सांगा, कोण बरोबर?
— एक सासू, राजारामपुरी

उत्तर : काकू, आकडे तुम्ही बरोबर वाचलेत, पण ते शंभर ग्रॅमचे आहेत. शंभर ग्रॅम ड्रेसिंग तुमच्या घरात एका ताटात कुणी घेत असेल तर मला आधी त्या माणसाला भेटायचंय. रस मात्र आपण पेल्यानं पितो.

तेव्हा खरंच पोटात जातं तेवढंच धरू. संत्र्याचा बिनसाखरेचा रस दोनशे मिली घेतला, तर कॅलरी सुमारे 90 आणि साखर 16-17 ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे. ही फळाचीच साखर, वरून घातलेली नाही. तरी जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर मोकळ्या साखरेतच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटात मोजते आणि दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. तुमचा सकाळचा एक पेला त्यातला दोन तृतीयांश वाटा खाऊन टाकतो. क जीवनसत्त्व मात्र भरपूर, ताज्या रसात दिवसाची गरज भागेल इतकं. पण एका अख्ख्या संत्र्यात तीनेक ग्रॅम चोथा असतो, तो पेल्यात अर्धा ग्रॅमही उरत नाही. चोथा गाळला की साखर रक्तात लवकर चढते, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे.

आता सुनेची बाटली. मलईदार ड्रेसिंगचे दोन मोठे चमचे, म्हणजे 30 ग्रॅम : कॅलरी 130च्या आसपास, स्निग्ध पदार्थ 13 ग्रॅम, बहुतेक सगळं तेलच. तुमचं तेलाबद्दलचं म्हणणं खरं आहे. साखर त्यात फारशी नसते (गुलाबी, गोडसर प्रकारात चमचाभर सापडते). जीवनसत्त्वं म्हणाल तर नावाला. पण गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतंच, आपली आजी कोशिंबिरीला उगाच फोडणी देत नव्हती. मला खटकतं ते मीठ. तेवढ्याच दोन चमच्यांत सोडियम पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या जवळ मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम. त्यात आपल्याकडं तांबडा-पांढरा रस्सा, चटणी, पापड... बेरीज तुम्हीच करा.

म्हणजे ज्यूस तुम्हाला बाधतो आणि बाटली मिस्टरांना. सुनेला यातलं काहीच नाही, म्हणून ती निवांत आहे!

शिवाय दोन चमचे कोण मोजतं? मी शाहूपुरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात एकदा काकडी-गाजरावर नेहमीसारखी बाटली पिळली आणि मग वजनकाट्यावर बघितलं : 52 ग्रॅम. आहारतज्ज्ञाच्या घरात!

तुमच्या ज्यूसच्या खोक्यावर ‘फ्रूट ड्रिंक’ लिहिलंय का, तेही बघा. तसं असेल तर नियमानं फळाचा रस दहा टक्के असला तरी चालतो, बाकी पाणी आणि साखर. मग वरचा सगळा हिशेब तुमच्या विरुद्ध जातो.

माझं ऐकाल तर सकाळी रस बंद, एक संत्रं किंवा मोसंबी सोलून खा. सुनेची बाटली संपू दे, भांडू नका. तिच्यामुळं निदान घरात रोज काकडी चिरली जातेय. पुढच्या वेळी तिला अर्धी वाटी दही घुसळून त्यात फेसलेली मोहरी, लिंबू, मिरपूड आणि एक छोटा चमचा तेल घालून द्या. मीठ चिमूटभर, तेही मिस्टरांचं ताट बाजूला काढल्यावर.

आणि मिस्टर जेवताना लोणचं किती घेतात, ते पत्रात नाही. पुढच्या पत्रात तेवढं कळवा.