टॅरिफ, जकात की आयातशुल्क?

प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या बातम्या मराठीत वाचताना एकाच गोष्टीला कुठे टॅरिफ, कुठे आयातशुल्क, कुठे व्यापारकर, तर कुठे परस्पर शुल्क म्हटलेलं दिसतं. मग आपला जुना 'जकात' हा शब्दच का वापरू नये? आणि टॅरिफ 'लावला' म्हणायचं की 'लावलं'?

माझं मत आधीच सांगून टाकतो. लिहिताना 'आयातशुल्क' लिहावं. बोलताना टॅरिफ म्हटलं तरी काही बिघडत नाही. 'व्यापारकर' मात्र टाळावा, कारण त्यातून विक्रीकरापासून जीएसटीपर्यंत काहीही वाटू शकतं. मशीद बंदरचा व्यापारी यातला एकही शब्द वापरत नाही, तो सरळ 'ड्युटी' म्हणतो आणि त्याचं कधी अडत नाही.

'जकात' सुचवणाऱ्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. इतिहास त्याच्याच बाजूचा आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या, गोव्याच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं आणि स्वराज्यातल्या मिठाचा व्यापार बसत चालला होता, तेव्हा १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र धाडून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. परका माल महाग करून आपला धंदा सांभाळायचा, हाच त्यामागचा हेतू. आज अमेरिकेत पोलादावरच्या आयातशुल्काचं समर्थन करणारे याहून वेगळं काही सांगत नाहीत. म्हणजे अर्थाने 'जकात' अगदी बरोबर बसते.

अडचण पुढच्या काळाने केली. जकात म्हटलं की आजच्या वाचकाला महापालिकेचा नाका, ट्रकांची रांग आणि पावती फाडणारा कारकून आठवतो. मुंबईत ही जकात थेट १ जुलै २०१७पर्यंत, म्हणजे जीएसटी येईपर्यंत चालू होती. ही शहराच्या वेशीवरची वसुली, देशाच्या सीमेवरची नव्हे. अमेरिकेत तर राज्यांनी आयात-निर्यातीवर आपापलं शुल्क बसवण्याला राज्यघटनेनेच जवळजवळ बंदी केली आहे. तेव्हा अमेरिकेच्या बातमीत 'जकात' वाचून कुणाला ओहायोच्या हद्दीवरचा नाका दिसला, तर दोष त्याचा नाही.

'टॅरिफ' मूळचा अरबी. त्याचा अर्थ कळवणं, माहिती देणं. त्यातून दरांची यादी, आणि त्या यादीप्रमाणे घ्यायचं शुल्क. आपल्याकडे हा शब्द मधल्या अर्थाने केव्हाच रुळला आहे. मुंबईत भाडेवाढ झाली आणि मीटर बदलून झालेले नसले की रिक्षावाला पुढे करतो ते टॅरिफ कार्डच. गंमत म्हणजे तारीफ, मार्फत आणि उर्फ हे आपले नेहमीचे शब्दही त्याच अरबी धातूचे. डोनाल्ड ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये शिकागोत, शब्दकोशातला आपल्या मते सर्वांत सुंदर शब्द टॅरिफ, असं सांगून त्याची तारीफ केली, तेव्हा नकळत ते मुळाशीच पोचले होते.

यादीचा अर्थ अमेरिकेतही जिवंत आहे. तिथल्या शुल्कसूचीत ९९ क्रमांकापर्यंत प्रकरणं आहेत आणि अलीकडची जादा शुल्कं बहुतेक त्या शेवटच्या, ९९व्या प्रकरणात नोंदलेली आहेत. पण बातमीत हा अर्थ नसतो. तिथे टॅरिफ म्हणजे आयातशुल्कच, कारण निर्यातीवर कर लावायला अमेरिकेची राज्यघटना मुळातच मनाई करते. आपल्याकडे तसं नाही. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा लासलगावला काय झालं, हे नाशिककडच्या वाचकाला सांगायला नको. आपल्याला दोन्ही शुल्कं ठाऊक असल्यामुळे नुसतं 'शुल्क' किंवा नुसतं 'टॅरिफ' भागत नाही, 'आयात' आधी लावावंच लागतं.

प्रश्नकर्त्याने विचारलं नाही, पण मला शब्दापेक्षा त्याच्या आधीचा प्रत्यय जास्त खटकतो. 'अमेरिकेने भारतावर ५० टक्के टॅरिफ लावलं' हे वाक्य ऑगस्ट २०२५मध्ये मी शंभर ठिकाणी वाचलं असेल. भारतावर? ते शुल्क भारत सरकार भरत नाही, सूरतचा किंवा मुंबईतल्या सीप्झचा दागिनेवालाही भरत नाही. माल अमेरिकेच्या बंदरात उतरला की तिथला आयातदार ते आपल्या सरकारच्या तिजोरीत भरतो. मग तो गिऱ्हाईकाला भाव वाढवून सांगतो, आपला नफा कमी करतो, नाहीतर आपल्या निर्यातदाराला म्हणतो, भाव उतरवा, नाहीतर व्हिएतनामकडून घेतो. झळ आपल्याला बसते ती या तिसऱ्या वाटेने, आणि ती खरी आहे. पण झळ बसणं वेगळं, कर भरणं वेगळं. शिवाय औषधं, स्मार्टफोन असा बराच माल त्या ५० टक्क्यांतून वगळलेला होता. 'अनेक भारतीय वस्तूंवर ५० टक्के आयातशुल्क' हे वाक्य मथळ्यात मावत नाही असं उपसंपादक म्हणतील. 'भारतीय मालावर' तरी मावेल!

हा काही नुसता व्याकरणाचा कीस नाही. ट्रम्प यांच्या आयातशुल्कांवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबर २०२५ला जी सुनावणी झाली, तिचा गाभाच हा होता. आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या १९७७च्या कायद्यात अध्यक्षांना आयातीचं 'नियमन' करण्याचा अधिकार आहे. त्या कायद्यात शुल्क हा शब्द नाही. मग नियमनात शुल्क येतं का? सरकारची बाजू मांडणारे जॉन सॉअर म्हणाले की हे महसुलासाठी नाही, नियमनासाठी आहे. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मात्र शुल्क म्हणजे अमेरिकी लोकांवर बसवलेला कर आणि तो कायम काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा अधिकार, याकडे बोट दाखवलं. अमेरिकी लोकांवर, हे लक्षात घ्या.

राहिला 'परस्पर शुल्क'. २ एप्रिल २०२५ला ट्रम्प यांनी जाहीर केलेल्या 'रेसिप्रोकल' दरांसाठी हा शब्द निघाला. शब्दकोशाप्रमाणे तो चूक नाही, पण मराठी कानाला 'परस्पर' म्हणजे न विचारता, मधल्या माणसाला वगळून. 'त्याने घर परस्पर विकलं' म्हणतो तसं. काँग्रेसला न विचारता लावलेल्या शुल्काला हा शब्द भलताच शोभून दिसतो, पण योजणाऱ्याच्या मनात ते नव्हतं. 'जशास तसे शुल्क' अर्थाला जवळचं आहे, निदान दाव्याच्या अर्थाला. प्रत्यक्षात त्या दिवशीचे मोठे आकडे समोरच्या देशाच्या शुल्कावरून काढलेच नव्हते. त्या देशाशी व्यापारातल्या अमेरिकेच्या तुटीला तिथून होणाऱ्या आयातीने भागायचं आणि येईल त्याचं निम्मं करायचं, असा हिशेब होता. भारताचे ५२ टक्के आले, म्हणून २६. सूत्राच्या छेदात दोन ग्रीक अक्षरंही होती, पण त्यांच्या किमती ४ आणि ०.२५ धरलेल्या, म्हणजे गुणाकार १, फरक काहीच नाही. म्हणून मी 'जशास तसे' अवतरणचिन्हांत लिहितो.

आता लिंग. शुल्क नपुंसकलिंगी, म्हणून त्याच्या जागी आलेलं टॅरिफही बहुतेकांच्या तोंडी 'लावलं'. कर मनात धरून कुणी 'लावला' म्हणालं तर ते चालतं. 'टॅरिफ्स लावले' मात्र नको, इंग्रजी अनेकवचनाचा स इथे उगाच कशाला?