मादागास्करचे वादक आणि युरोपियन बँडलीडर यांचा जॅझ: कुठून ऐकायला सुरुवात करावी?

सरळ जेफ गिल्सनपासून करा. गिल्सन (१९२६–२०१२) हा फ्रेंच पियानोवादक आणि बँडलीडर. झाँ-ल्युक पाँती, मिशेल पोर्ताल ही पुढे गाजलेली मंडळी त्याच्या बँडमधून गेलेली. साठच्या दशकाच्या शेवटी तो मादागास्करच्या राजधानीत, अंतानानारिवोला पोचला आणि तिथल्या तरुण वादकांना घेऊन वाजवू लागला. त्यातूनच १९७२ साली ‘मालागासी’ हा अल्बम आला.

त्यात अमेरिकन सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्सच्या ‘द क्रिएटर हॅज अ मास्टर प्लॅन’ची त्यांची आवृत्ती आहे. तिथला सर्ज राहोएर्सनचा टेनर सॅक्सोफोन ऐकाच. मूळ रचना माहीत असेल तर जास्तच मजा येईल.

दुसरं आकर्षण म्हणजे वलिहा. बांबूच्या नळीभोवती उभ्या तारा ताणलेलं हे मादागास्करचं वाद्य. पूर्वी बांबूचीच साल सोलून तारा करत, आता सायकलच्या ब्रेकची केबल उसवून तिच्या तारा लावतात (जुगाड फक्त आपल्याकडेच चालतो असं थोडंच आहे!). या वादकांपैकी डेल राबेंजा सॅक्सोफोन आणि वलिहा दोन्ही वाजवायचा. जॅझवर वरून ‘लोकसंगीताची फोडणी’ दिल्यासारखं इथे वाटत नाही, ते मला यामुळेच.

त्यांच्यातलाच बासवादक सिल्व्हँ मार्क पुढे अमेरिकन गायिका नीना सिमोनच्या ‘फॉडर ऑन माय विंग्ज’ या अल्बमवरही वाजला. म्हणजे ही मंडळी गिल्सनच्या मागे उभी राहणारी साथीदार नव्हती, चांगली तयारीची होती. अल्बमवर नाव मात्र गिल्सनचं ठळक, हे खटकतं खरं.