पोराला कुस्तीला घालताना

नाव घालण्याआधी एक सराव कडेला बसून बघा. कोच जोड्या वय आणि वजन बघून लावतात का, एवढंच तपासलं तरी पुष्कळ. 5-6 किलोंनी जड जोडीदार रोज अंगावर आला की पोर धास्तावतं आणि सोडून देतं.

डावांची घाई नको. आधी पडायला शिकू द्या: हनुवटी छातीला, पाठ गोल, हात आत. पडताना कोपर ताठ ठेवून तळहात टेकवला की सगळा भार त्या सांध्यावर येतो आणि कोपर निखळू शकतं. नवख्यांची हमखास चूक हीच. मग पवित्रा. गुडघे वाकलेले, कोपरं बरगड्यांशी, मान वर. पटात शिरताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला झेपावताना, मान खाली गेली की त्याच्या हातात मुंडी अडकलीच.

बूट मापाचेच घ्या (पाय वाढेल म्हणून मोठे घेतले तर घोटा मुरगळतो), आणि ते फक्त मॅटवर. नखं कापलेली. सराव संपताच साबणाने आंघोळ, कपडे दर वेळी धुतलेले. अंगावर गोल, खाजरा चट्टा उठला तर नायटा समजा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅट बंद.

वजनगटासाठी उपाशी ठेवणं, पाणी तोडणं या वयात अजिबात नाही. भरेल त्या गटात खेळू द्या.